गाणं सुरू कधी होणार? ॲम्बियंट संगीत ऐकताना

ॲम्बियंट, म्हणजे वातावरणासारखं नुसतं पसरून राहणाऱ्या संगीताचा एखादा नवा अल्बम पहिल्यांदा लावला की पाचेक मिनिटांत बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न येतो: गाणं सुरू कधी होणार? प्रश्न रास्त आहे. आपल्या कानाला मुखडा हवा असतो, ठेका हवा असतो, फिरून समेवर यायची सवय असते. इथे एक सूर सुरू होतो आणि तसाच राहतो. मागे पाणी वाहतंय की ती नुसती खरखर आहे, तेही नीट कळत नाही. वीस मिनिटं जातात आणि रचना संपते.

असं असूनही हे संगीत आता कोपऱ्यात राहिलेलं नाही. आउटकास्ट या गाजलेल्या हिपहॉप जोडीतले आंद्रे ३००० यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'न्यू ब्लू सन' हा ८७ मिनिटांचा अल्बम काढला. त्यात रॅपची एक ओळही नाही. बासऱ्या, सिंथेसायझर आणि तालवाद्यांचा हलका वावर, एवढंच. त्यातली १२ मिनिटं २० सेकंदांची पहिली रचना अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत शिरली आणि त्या यादीत तोवर आलेली सर्वांत लांब रचना ठरली. ग्रॅमीनेही २०२३ पासून 'न्यू एज' विभागाच्या नावात 'ॲम्बियंट' हा शब्द घातला. जगभरातून असे अल्बम सतत येत असतात, आणि नव्या श्रोत्याला त्यांना हात कुठून घालावा ते समजत नाही.

माझ्या मते हात घालायची जागा म्हणजे कृती. हा आवाज तयार कसा झाला? बाकीच्या संगीतात ही माहिती जाणकारांपुरती असते, आपण सुरावटीवर खूश असतो. ॲम्बियंट आणि प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतात मात्र कृतीच कानावर पडते. ती एकदा ओळखता आली की 'यात काही घडतच नाही' असं वाटणाऱ्या रचनेत बरंच काही घडताना ऐकू येतं.

सगळ्यात सोपी कृती लूपची. चुंबकीय टेपचा तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवून त्याचं कडं करायचं आणि ते यंत्रावर फिरत ठेवायचं. तोच आवाज फिरून फिरून येतो. एकच कडं असेल तर दोन मिनिटांत कंटाळा येईल. ब्रिटिश संगीतकार ब्रायन एनो यांनी १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये गायिकांनी आकारात लावलेला एकेक सूर वेगवेगळ्या कड्यावर घेतला आणि कड्यांच्या लांब्या एकमेकींशी जुळणार नाहीत अशा ठेवल्या. १९९६ च्या एका भाषणात त्यांनी तीन कड्यांच्या अंदाजे लांब्या सांगितल्या होत्या: २३.५ सेकंद, २५.८७५ सेकंद आणि २९.९३७५ सेकंद.

हे आकडे तंतोतंत धरून हिशेब करून बघा. तिन्ही सूर एकदा एकाच क्षणी सुरू झाले, तर पुन्हा तसे एकत्र यायला जवळजवळ २७ दिवस लागतात. रेकॉर्डवर आपल्या वाट्याला त्यातली नऊ मिनिटं येतात. पहिले दोन सूर एकत्र निघाले असतील तर पुढच्या फेरीला त्यांच्यात सव्वादोन सेकंदांहून थोडं जास्त अंतर पडतं, त्याच्या पुढच्या फेरीला पावणेपाच सेकंदांचं. कधी तीन सूर एकमेकांवर टेकतात आणि काही क्षण भरघोस मेळ तयार होतो, कधी लांबलचक शांतता पडते. ही जुळणी कुणी कागदावर लिहिलेली नाही. संगीतकाराने सूर निवडले, लांब्या ठरवल्या आणि हात मागे घेतला. या पद्धतीला पुढे जनरेटिव्ह संगीत असं नाव पडलं, आणि आज टेपच्या जागी संगणक असला तरी निम्म्याहून अधिक नव्या ॲम्बियंट रचनांच्या पोटात हीच युक्ती असावी, असं मला ऐकताना वाटत राहतं. असे सूर येताना ऐकलेत तर त्यातला एकच सूर पकडा आणि तो पुन्हा येईपर्यंत थांबा. दोन-तीन फेऱ्यांत सगळा सांगाडा कानापुढे उभा राहतो.

लूपचीच दुसरी, फार वेगळी कथा अमेरिकन संगीतकार विल्यम बासिन्स्की यांची. १९८२ मध्ये बनवलेली टेपची कडी त्यांनी २००१ च्या उन्हाळ्यात डिजिटल करायला घेतली. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. आवाज त्या भुकटीत साठवलेला असतो. वीस वर्षांत चिकटवणारा थर जुनाट झाला होता. कडं यंत्राच्या हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून जाई तशी भुकटी थोडी थोडी झडू लागली, आणि बासिन्स्की यांनी यंत्र बंद न करता ध्वनिमुद्रण चालू ठेवलं. 'डिसइंटिग्रेशन लूप्स'मधली पहिली रचना तासाभराहून मोठी आहे. काही सेकंदांचा एक संथ, गंभीर तुकडा. सुरुवातीला अख्खा. मग एका स्वराच्या शेवटाला बारीक खळगा पडतो. पुढच्या फेरीत तो आधीसारखाच वाटतो, दहा फेऱ्यांनी रुंदावलेला असतो. हळूहळू तार सप्तकातली चमक जाते, सुरांच्या जागी ठिगळं उरतात, आणि शेवटी नुसती खरखर आणि मधूनच एखादा ठोका. या रचनेत संगीतकार काहीच 'वाजवत' नाही. पदार्थ झिजतो आणि ते झिजणं आपण ऐकतो. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये हल्ला झाला. बासिन्स्की यांनी ब्रुकलिनच्या गच्चीवरून त्या दिवसाचा शेवटचा प्रकाश चित्रित केला आणि या रचना मृतांना अर्पण केल्या. पण हा संदर्भ ठाऊक नसलेल्या माणसालाही त्या भिडतात, कारण हरवत जाणं इथे प्रत्यक्ष ऐकू येतं.

आता ड्रोन, म्हणजे लांब धरून ठेवलेला सूर. आपल्याकडच्या श्रोत्याला इथे खरं तर आयतीच आघाडी आहे. तंबोरा चांगला लागला असेल, जवारी नीट असेल, तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो. स्वयंभू गांधार तो हाच. कुठलीही तार हलते तेव्हा मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघतात, आणि त्यातला पाचवा म्हणजे गांधार. ड्रोन रचणारे संगीतकार याच थरात काम करतात. सूर बदलत नाही, पण त्याच्या आतल्या कोणत्या उपस्वरावर उजेड पडावा हे बदलत राहतं.

फ्रान्सच्या एलियान रादीग यांनी आर्प २५०० या सिंथेसायझरवर वर्षानुवर्षं हेच केलं. कीबोर्ड नाही, फक्त नॉब, तेही इतके हळू फिरवलेले की बदल होताना कळत नाही, झाल्यावर कळतो. त्यांच्या रचनेत दुसरी एक गंमत सतत चालू असते. २२० आणि २२१ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे दोन सूर एकत्र लावले तर कानाला दोन सूर वेगळे ऐकू येत नाहीत. एकच सूर दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. अंतर अर्ध्या हर्ट्झवर आणलं की तो श्वास दोन सेकंदांचा होतो. म्हणजे वाद्यांच्या ठेक्याशिवाय, केवळ सुरातल्या तफावतीतून लय जन्माला येते. ड्रोन ऐकताना ठेका शोधायचाच असेल तर तो तिथे आहे.

या परंपरेचा एक धागा थेट किराणा घराण्याशी जोडलेला आहे. पंडित प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. १९७० च्या सुमारास ते अमेरिकेत गेले आणि ला मॉन्ट यंग, मरियन झझीला, टेरी रायली हे तिथले प्रयोगशील संगीतकार त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. स्वर लावणं हेच अख्खं काम असू शकतं, ही गोष्ट त्यांनी तिथे शिकली. आज कॅली मलोन यांच्यासारखी तरुण संगीतकार पाइप ऑर्गनवर संथ, जवळजवळ गणिती रचना करते, तेव्हा त्या शिकवणीचा दूरचा अंश तिच्यात जाणवतो. मलोन यांचा २०२४ मधला 'ऑल लाइफ लाँग' ऑर्गन, गायनवृंद आणि पितळी वाद्यांसाठी आहे. त्यात वीजवाद्य जवळजवळ नाहीच, तरी तो इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रोत्यांनीच उचलून धरला. हे मला अगदी योग्य वाटतं, कारण शैली ठरते ती ऐकण्याच्या पद्धतीवरून.

जागा हेही वाद्य असतं. १९८८ मध्ये अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस आपला अकॉर्डियन घेऊन, दोन सहकाऱ्यांसह, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका जुन्या लष्करी तळावरच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरल्या. टाकी जमिनीखाली १४ फूट, आणि आत घुमणारा आवाज विरायला तब्बल ४५ सेकंद लागत. विचार करा: तुम्ही आत्ता लावलेला सूर अर्ध्या मिनिटानंतर लावलेल्या सुरासोबतही वाजतोच आहे. घाई केलीत तर चिखल होणार. चुकीचा सूर लावलात तर पाऊण मिनिट त्याच्यासोबत राहावं लागणार. त्या टाकीनेच वादकांना संथ केलं. आज हाच घुमारा कुठल्याही संगणकावर एका बटणावर मिळतो, आणि म्हणूनच पुष्कळ नवे अल्बम एकसारखे धुकट वाटतात. रिव्हर्ब, म्हणजे हा घुमारा, फुकटात मिळाल्यावर त्याच्याशी जुळवून घ्यायचं कारणच उरत नाही. नवा अल्बम ऐकताना मी हेच आधी तपासतो: घुमारा सुरांना शिस्त लावतोय, की नुसती पोकळी झाकतोय?

यानंतर फील्ड रेकॉर्डिंग, म्हणजे जगात जाऊन आणलेले आवाज. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकावर इंजिनं, शिट्ट्या आणि रुळांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांची जुळणी करून रेडिओवरून ऐकवली. त्यांना त्या आवाजाचा 'रेल्वे'पणा पुसून टाकायचा होता. आवाज निव्वळ आवाज म्हणून ऐकावा, असा त्यांचा आग्रह होता. जवळपास त्याच नावाचे कॅनडातले मरी शेफर यांची भूमिका उलट. १९७० च्या दशकात त्यांनी व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात सहकाऱ्यांसह एखाद्या ठिकाणचा ध्वनिपरिसर नोंदवून ठेवायचं काम सुरू केलं. त्यांना आवाज कुठला, कशाचा, आणि तो नाहीसा होत चाललाय का, हेच महत्त्वाचं होतं. आजचा प्रत्येक ध्वनिपरिसरवादी अल्बम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो.

नॉर्वेच्या याना विंडेरेन पाण्याखालचे मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन वापरतात. त्यांचा 'एनर्जी फील्ड' (२०१०) बॅरेंट्स समुद्र, ग्रीनलंड आणि नॉर्वेतल्या हिमनद्यांच्या भेगांमधून गोळा केलेल्या आवाजांवर उभा आहे. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, त्यामुळे आपल्या कानाला तिथे दिशा लागत नाही. ती दिशाहीनता अल्बममध्ये जशीच्या तशी उतरली आहे. तडतड ऐकू येते, पण ती समोरून आली की मागून, सांगता येत नाही.

जोसेफ कमारू हे केनियातून बर्लिनला गेलेले संगीतकार. ते आपलं नाव रोमन लिपीत दोन्ही 'ए' गाळून KMRU असं लिहितात. २०२४ चा त्यांचा 'नाटूर' ही एकच सलग, पाऊण तासाहून लांब रचना. तिच्यात निसर्गाच्या आवाजांइतकेच विजेचे आवाज आहेत. हे आवाज पकडायला साधा मायक्रोफोन चालत नाही. तारेचं वेटोळं लागतं: यंत्राभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं तसा वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, तो वाढवून स्पीकरला दिला की ऐकू येतो. चार्जर किणकिणतो, ट्रान्सफॉर्मर घुमतो, वायफायचा राउटर ठराविक लयीत टकटकतो. जर्मनीच्या क्रिस्टिना कूबिश तर श्रोत्यांना असे खास हेडफोन देऊन शहरातून फिरवतात. या सगळ्या आवाजांत आपण दिवसरात्र बुडालेलो असतो. कमारू यांनी ते पक्ष्यांच्या आणि वाऱ्याच्या शेजारी आणून ठेवले, आणि ऐकताना काही वेळाने निसर्ग कुठे संपला आणि वीज कुठे सुरू झाली हे सांगणं कठीण होतं. अलीकडच्या अल्बमांत मला सर्वांत मोलाचा वाटलेला हाच.

एक तांत्रिक गोष्ट राहिली: ग्रॅन्युलर सिंथेसिस. नाव अवघड, कल्पना सोपी. टेप निम्म्या वेगाने फिरवली की आवाज लांबतो, पण एक सप्तक खालीही उतरतो. लांबवायचा आहे पण उतरवायचा नाही, असं असेल तर? मग आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या-विसाव्या भागाएवढे बारीक कण करायचे आणि प्रत्येक कण अनेकदा, एकमेकांवर थोडा चढवून वाजवायचा. कणाच्या आतली कंपनं तशीच राहतात म्हणून सूर जागचा हलत नाही, आणि एका सेकंदाचा उच्चार मिनिटभर पसरतो. कण उलटसुलट विखुरले की ढग तयार होतो. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्येच आवाजाच्या कणांची कल्पना मांडली होती. कॅनडाचे संगीतकार बॅरी ट्रूएक्स यांनी १९८६ च्या 'रिव्हररन'मध्ये ती संगणकावर त्याच क्षणी घडवून दाखवली. एखाद्या नव्या अल्बममध्ये माणसाचा आवाज काचेच्या चुऱ्यासारखा झिलमिलत लांबत जाताना ऐकलात, तर बहुधा हीच करामत.

हे सगळं 'पार्श्वभूमीचं संगीत' आहे का? एनो यांची जुनी भूमिका अशी की हे संगीत लक्ष देऊन ऐकता यावं आणि दुर्लक्षही करता यावं. त्याच्या खूप आधी, १९२० मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी घरातल्या सामानासारखं वावरणारं संगीत सादर केलं आणि प्रेक्षकांना बोला, हिंडा-फिरा असं सांगितलं. प्रेक्षक गप्प बसून ऐकत राहिले. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. झोप, अभ्यास, ताणमुक्ती अशा प्लेलिस्टांनी ॲम्बियंटला औषधाच्या गोळीची जागा दिली. स्पॉटिफायने २०२३ च्या अखेरीस धोरण बदललं: पांढरा गोंगाट (व्हाइट नॉइज, म्हणजे सतत एकसारखी खरखर), पावसाचे आवाज वगैरे 'कार्यात्मक' ध्वनिफितींसाठी किमान दोन मिनिटांची अट आली आणि त्यांचा मोबदला गाण्यांपेक्षा कमी ठरला. ३० सेकंदांचे पावसाचे तुकडे अपलोड करून पैसे उकळणाऱ्यांना आळा घालणं हा हेतू समजण्यासारखा आहे. पण पाऊस आणि पावसाची रचना यातली रेघ कोण ओढणार? दुसरीकडे पत्रकार लिझ पेली यांनी सविस्तर दाखवून दिलं आहे की अशा मूड-प्लेलिस्टांत टोपणनावांनी, स्वस्तात करून घेतलेलं संगीत भरलं जातं. ज्यांनी सहा महिने एका हिमनदीशी घालवले त्यांची जागा त्यामुळे जाते, आणि याचा मला मनापासून राग आहे. म्हणूनच या क्षेत्रातले बहुतेक कलाकार बँडकॅम्प या संकेतस्थळावर थेट अल्बम विकतात. तिथे डिजिटल विक्रीतला सुमारे १५ टक्के वाटा कंपनी घेते, आणि मार्च २०२० पासून ठराविक शुक्रवारी तोही सोडते. तिथे अल्बमसोबत बहुधा टिपणही असतं: कुठे मुद्रित केलं, कोणती यंत्रं, कोणती जागा. ते वाचूनच ऐका. कृती आधी कळली तर रस कमी होईल, ही भीती इथे लागू नाही.

ऐकण्याबद्दल व्यवहाराची एकच गोष्ट. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही, आणि ड्रोनचा बराचसा जीव तिथेच असतो. हेडफोन किंवा बरे स्पीकर लागतातच. आवाज फार मोठा नको. श्वासोच्छ्वास ऐकू येईल इतपत पुरे.

सुरुवातीला आरुषी जैन यांचा 'डिलाइट' (२०२४) घ्यावा. मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचा सिंथेसायझर आणि बागेश्री. ओळखीच्या रागाचा हात धरून अनोळखी आवाजांत जाता येतं. मग जपानी संगीतकार रिउइची साकामोतो यांचा '१२'. आजारपणात, २०२१-२२ मध्ये रोजनिशीसारख्या केलेल्या या बारा रचनांना नावंही तारखांचीच आहेत. हा अल्बम जानेवारी २०२३ मध्ये आला आणि मार्चअखेरीस साकामोतो गेले. काही रचनांत पियानोइतकाच त्यांचा श्वास ऐकू येतो. तो पुसला नाही हे फार बरं झालं.

आणि आपल्याकडच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक प्रयोगांचा 'द एनआयडी टेप्स' हा संग्रह चुकवू नका. १९४६ मध्ये गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि त्यांनी केज यांना भारतीय संगीत. संगीताचा हेतू मन शांत करणं हा आहे, हे गीता यांच्या गुरूंचं म्हणणं केज पुढे आयुष्यभर सांगत राहिले. १९५२ मध्ये केज यांची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी एकही सूर न वाजवता सादर केली. त्याच ट्यूडर यांनी १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत केलेले प्रयोग टेपवर पडून होते. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गास यांनी ते शोधून काढले आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षांपूर्वीचे हे प्रयोग अजूनही टवटवीत, थोडे खडबडीत, कुतूहलाने भरलेले वाटतात.

मलोन यांचा 'डझ स्प्रिंग हाइड इट्स जॉय' मात्र नंतरसाठी ठेवा. चेलो, गिटार आणि विजेच्या शुद्ध सुरांची तीच रचना त्यात तीनदा येते, प्रत्येक वेळी सुमारे तासभर, आणि तिसऱ्यांदा ऐकताना पहिलीशी फरक कुठे पडला हे कळायला कान आधी थोडे सरावलेले लागतात.